‘पाचवा लागला आणि माझ्या नाइट बंद झाल्या’

वाचकाचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात:

मी नांदेडकडची, वय २७. लोककलेचे कार्यक्रम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये काही वर्षांपासून लावणी करते. नवराही त्याच ग्रुपात ढोलकीवर आहे. पहिल्यांदाच दिवस गेलेत, पाचवा लागलाय. दिवाळी झाल्यावर मालकांना मीच सांगितलं. ते म्हणले, ‘लई आनंदाची गोष्ट, आता तू आराम कर, बाळंतीण झाल्यावर बघू.’ दुसऱ्याच कार्यक्रमात माझी सोलो एका पोरीला दिली, तिला मीच शिकवलंय. कोरसमध्ये ठेवा म्हणलं तर नाही, निवेदन करते म्हणलं तर तेही नाही. आता माळेगावच्या यात्रेच्या यादीतून नाव गेलं आणि सीझनच्या आधी घेतलेली ४० हजारांची उचल महिन्याभरात परत करा म्हणायलेत. आमच्या कार्यक्रमात डोहाळजेवणाचं गाणं आहे, त्यात एक पोरगी पोटाला ओढणीचं गाठोडं बांधून झोपाळ्यावर बसते. ती चालते, मी चालत नाही. सासूबाई म्हणतात बरंच झालं, सुटलीस. नवरा गप्प आहे. ताई, मी सांगायलाच नको होतं का? अजून महिनाभर तरी कुणाला कळलं नसतं. आणि मालकांचंही खरं असेल, पोटुशी बाईची लावणी कोण बघतंय?

उत्तर:

तू ताई म्हणलीस म्हणून मी सरळ एकेरीवर येते, चालेल ना.

आधी तो ‘सांगायलाच नको होतं का’ घेऊ, कारण तुझ्या पत्रात तो प्रश्न शेवटी आलाय पण झोप त्यानेच उडवलेली दिसतीय. तर नाही, सांगितलंस ते बरोबर केलंस. लपवायचं म्हणजे काय करायचं ते जरा डोळ्यासमोर आण. कासोटा आधीसारखाच कचकचून ओढायचा, कमरपट्टा बसत नसला तरी एक कडी पुढे ढकलून बसवायचा, मळमळलं तर विंगेत जाऊन ओकून यायचं आणि परत हसत स्टेजवर, रात्री दोनला कार्यक्रम सुटला की टेम्पोत सामानावर बसून पुढच्या गावाला, आणि काही झालंच तर सोबतच्या कुणालाच माहीत नाही की ह्या बाईला कुठल्या दवाखान्यात न्यायचं. ह्यात तुझं काही वाचलं नसतं, फक्त मालकाचा निर्णय महिनाभर पुढे गेला असता. आणि दुसरी एक व्यवहाराची गोष्ट, ही बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. उद्या कुठं दाद मागायची वेळ आली तर ‘मी गरोदर आहे हे ह्यांना माहीत होतं आणि त्यानंतरच माझं काम बंद झालं’ हे दाखवावं लागतं. तू लपवलं असतंस तर ते म्हणले असते आम्हाला काय ठाऊक, ही नीट नाचत नव्हती म्हणून बदलली. तुझं सांगणं हा तुझा पुरावा आहे. तोंडी सांगितलंय, ते आता लेखी करायचं, त्यावर पुढे येते.

आता मालकांचा ‘आराम कर’. हे वाक्य लई गोड आहे आणि म्हणूनच त्यावर भांडता येत नाही, भांडलं तर बाईच कृतघ्न. मला ते अगदी दुष्ट माणूस वाटत नाहीत, हेही सांगते. त्यांनी कार्यक्रमाची सुपारी घेतलेली असते, आयोजकाला फोटो गेलेला असतो, आयोजक फोन करून विचारतो ‘ती पिवळ्या साडीतली येणार ना’, आणि एक नाइट, म्हणजे एका रात्रीचा कार्यक्रम, पडली तर १०-१५ माणसांचं पोट त्यावर असतं. त्यांची भीती खरी आहे. पण काळजी वाटणारा माणूस आधी काय विचारतो? डॉक्टर काय म्हणतात, किती महिने चालेल, प्रवास झेपतो का, तुला ट्रॅव्हल्समध्ये पुढची सीट देऊ का. ह्यातलं एकही विचारलेलं तुझ्या पत्रात नाही. सोलो काढली, ठीक, त्यात तब्येतीचं कारण असू शकतं. कोरस काढला, तेही ओढूनताणून समजून घेऊ. पण निवेदन? माइक धरून उभं राहायला पोट कुठं आडवं येतं? आणि शेवटी उचल परत मागितली म्हणल्यावर तर आरामाचा विषयच संपला. आराम करणाऱ्या बाईला महिन्यात ४० हजार आणा म्हणतात का कोणी. म्हणजे काळजी असेल, पण तिचा सगळा खर्च तुझ्या अंगावर टाकलाय.

मला वाटतं तुझी गफलत इथंच होतीय, आणि तुझीच नाही, ह्या लाइनीतल्या जवळजवळ सगळ्यांची. स्टेज, काम आणि कमाई ही तीन वेगवेगळी आहेत, आणि तुमच्याकडे ती एकाच गाठीत बांधलेली आहेत. स्टेजवर उड्या मारायची लावणी काही महिने थांबू शकते, ते तू आणि तुझी डॉक्टर ठरवा. काम थांबायचं कारण नाही. आणि काम थांबलंच तरी परत यायची जागा आणि थोडाफार पैसा ह्यावर तुझा हक्क संपत नाही. मालकांनी पहिल्याचं कारण देऊन तिन्ही काढून घेतलं. तू पण भांडताना पहिल्यावरच भांडायलीस, ‘मी नाचू शकते’. त्यावर ते तुला एका वाक्यात हरवतात, ‘काही झालं तर जबाबदार कोण?’. म्हणून मी म्हणते नाचण्यावर वादच घालू नको. कामावर आणि पैशावर बोल.

‘पोटुशी बाईची लावणी कोण बघतंय’ ह्यावर थोडं थांबते. हे तुझ्या डोक्यात कुणीतरी घातलेलं वाक्य आहे, तुझं नाही. लावणी म्हणजे फक्त ढोलकीच्या फडाची, गिरक्यांची लावणी असं तुला कुणी सांगितलं? बैठकीची लावणी तुझ्याच घरातली आहे की. बसून, चेहऱ्यावर आणि हातांवर, एका ओळीचे दहा अर्थ काढून दाखवायचे, पायाला उसंत आणि नजरेला काम. जाणकार मंडळी आजही त्यासाठी तासन्‌तास बसतात, आणि खरं सांगू का, ती करणाऱ्या चांगल्या बाया आता शोधाव्या लागतात. तुमच्या ग्रुपात बैठकीचा एक आयटम नसेल तर हे चार महिने तो बसवायचे आहेत. आणि ते डोहाळजेवणाचं गाणं! पोटाला गाठोडं बांधलेली पोरगी चालते कारण ती गाठोडं सोडून पुढच्या गाण्याला नाचू शकते, एवढंच त्यामागचं गणित आहे. प्रेक्षकाला गरोदर बाईचं काही वावडं नाही, झोपाळ्यावर बसलेलं ते पोट बघून बाया पदर डोळ्याला लावतात हे तूच विंगेतून बघितलं असशील. त्या गाण्याला तू बसलीस तर कोण उठून जाणारे? आयोजकाला काय आवडेल हे मालकांनी ठरवलंय, आयोजकाला विचारलेलं नाही.

तुमच्यात अजून एक गोष्ट हमखास ऐकवली जाते, तुलाही ऐकवली असणार. तमाशातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. आम्हीपण लहानपणापासून ऐकलंय आणि अंगावर काटा येतो. पण ही गोष्ट सांगणारे ती कशाला सांगतात बघ. एकतर ‘त्यांनी केलं, तुला काय झालं’ म्हणून टोचायला, नाहीतर ‘कला म्हणजे असा त्याग’ म्हणून भाषणात. त्या बाईला त्या रात्री खेळ थांबवायची सोय का नव्हती, हे कुणी विचारत नाही. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, आणि तरी शेवटची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली, २००२ मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव देतं, चांगलंच आहे. पण त्यांचं धैर्य हे तुझ्या मालकाच्या हिशोबातली सवलत नाही. तुला टोचायला कुणी हे काढलं तर शांतपणे विचार, ‘त्यांच्या नाइटचे पैसे त्या रात्री कापले होते का?’

बरं, आता तब्येत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुझ्यासाठी काय चालेल ते तुझी डॉक्टरच सांगेल, पण विचारायचं कसं ते सांगते. ‘मी नाचले तर चालेल का’ असं विचारलंस तर समोरून ‘नको’ येणार, कारण त्यांना वाटतं घरात टीव्हीसमोर किंवा वरातीत नाचती. त्यांना पूर्ण सांग: पायात किती वजनाचे चाळ असतात, गिरक्या आणि बसून उठणं किती, कमरेला किती घट्ट असतं, एका रात्रीत किती गाणी, प्रवास किती तासांचा आणि कशातून, झोप किती. मग विचार ह्यातलं काय बंद, काय कमी, काय चालू. आणि हे त्यांच्याकडून चिठ्ठीवर लिहून घे, ‘उड्या, गिरक्या, जड चाळ बंद; बसून सादरीकरण, गायन, निवेदन चालेल; रात्रीचा लांब प्रवास टाळावा’ असं काहीतरी. अशी चिठ्ठी हातात असली की ‘जबाबदार कोण’ ह्या प्रश्नाला उत्तर असतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टर विचारणार नाही आणि तू लाजून सांगणार नाहीस म्हणून मीच बोलते. यात्रेच्या मैदानावर बायांना जायला जागा नसते. म्हणून आपल्या पोरी दुपारपासून पाणीच पीत नाहीत, हे मी कितीतरी जणींकडून ऐकलंय. गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन साधं समजायचं नाही, त्यातून ताप चढतो, दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. त्यामुळे पाणी प्यायचंच, आणि ग्रुपच्या अटींमध्ये लाइट-साउंडच्या बरोबरीने ‘महिला कलाकारांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला बंद खोली’ ही ओळ मालकांनी आयोजकाला लिहून द्यायचीच. हे तुझ्या एकटीसाठी नाही, पाळी आलेल्या पोरीसाठी पण आहे. बाकी रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यापुढे अंधारी, हातापायाबरोबर चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल सुरू झाल्यावर ती कमी वाटणं, ह्यातलं काहीही झालं तर कार्यक्रम गेला खड्ड्यात, आधी दवाखाना.

आता कायदा. इथं तू म्हणशील ‘ताई, आम्ही काय नोकरीला आहोत का, नाइटवर आहोत’. सगळ्या कलाकार बायांचं हेच गृहीतक, आणि मालकांचंही. पण १९६१ चा जो मातृत्व लाभ कायदा होता त्यात कारखाने, खाणी, मळे ह्यांच्या बरोबरीने घोड्यांचे, कसरतींचे ‘आणि इतर’ खेळ करून दाखवणाऱ्या आस्थापना स्पष्ट लिहिलेल्या होत्या. म्हणजे सर्कशीतल्या, तंबूतल्या बाईचा विचार कायद्यात कधीपासूनच होता, आपल्यापर्यंत तो कुणी पोचवला नाही. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं-आस्थापना त्यात येतात. म्हणून तुमच्या ग्रुपात नाचणारे, वाजवणारे, गाणारे, ड्रेसवाली, ड्रायव्हर, साउंडवाला धरून किती जण होतात ते मोज. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि त्यासाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं पाहिजे.

हे ८० दिवस नीट समजून घे, कारण तुझ्या बाबतीत खेळ इथंच आहे. तुझी तारीख साधारण मार्च-एप्रिलची असणार. म्हणजे मागच्या मार्च-एप्रिलपासून मोजायचं: चैत्रातल्या जत्रा, लग्नसराई, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट. रिहर्सलला बोलावलं असेल तर तो दिवस पण लिहून काढ. जितक्या लवकर तुला घरी बसवतील तितके तुझे दिवस कमी भरतील, मालकांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांना बहुतेक माहीतही नसेल. आणि दिवस भरत असतील तर अजून एक गोष्ट: गरोदर असताना कामावरून काढलं तरी जो लाभ एरवी मिळाला असता तो बुडत नाही, असं कायद्यातच आहे. रोजंदारीचं म्हणशील तर २००० साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या, कायम नसलेल्या बायांना, म्हणजे रस्त्यावर खडी टाकणाऱ्यांना, हाच हक्क दिलाय. ‘दिसण्याचं काम आहे’ हे कारणही जुनंच. एअर इंडियात हवाई सुंदरीला पहिल्यांदा दिवस गेले की घरी पाठवायचा नियम होता, १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवला. तिकडे अमेरिकेत हंटर टायलो नावाच्या नटीला एका मालिकेत मादक बाईचं काम होतं, दिवस गेल्याचं कळल्यावर काढून टाकलं, का तर आता ती तशी दिसणार नाही. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने तिला जवळजवळ ४९ लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे माळेगावच्या तंबूवरून कुणाला लाखो मिळणार नाहीत, ते सोड, पण ‘ह्या धंद्यात असंच असतं’ हे उत्तर कोर्टात चालतंच असं नाही एवढं लक्षात ठेव.

मात्र मी तुला हवेत चढवत नाही. तुझ्याकडे अपॉइंटमेंट लेटर नाही, पगारपत्रक नाही. मालक म्हणू शकतात ही आमच्याकडे नोकरीला नाहीच, कार्यक्रमापुरती येते. म्हणून आजच कागद जमव. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या नाइटच्या याद्या, तुझा फोटो असलेले पोस्टर, फोनपेवर आलेले पैसे, उचल लिहिलेल्या वहीचा फोटो, कार्यक्रमाचे व्हिडिओ तारखांसकट. दिवाळीनंतर यादीतून नाव कसं गायब झालं हे त्या याद्यांवरूनच दिसतं, त्यामुळे ग्रुप सोडू नको आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करू नको.

मग मालकांना एक मेसेज टाक. भांडणाचा नाही, साधा. मी असा लिहिला असता:

‘दादा नमस्कार. दिवाळीनंतर मी तुम्हाला दिवस गेल्याचं सांगितलं होतं. तेव्हापासून मला एकही नाइट मिळाली नाही. डॉक्टरांनी बसून सादरीकरण, गाणं, निवेदन चालेल असं लिहून दिलंय, चिठ्ठी सोबत टाकते. माळेगावला आणि पुढं मला ह्यातलं काम द्यावं ही विनंती. उचल मी फेडणार आहे, पण माझं काम बंद झाल्यामुळे एकरकमी जमणार नाही, माझ्या पुढच्या नाइटमधून कापून घ्यावी. बाळंतपणानंतर मी कोणत्या महिन्यात परत येऊ आणि माझी सोलो मला मिळेल का, हेही कळवावं.’

बस. कायद्याचं नाव पहिल्या मेसेजात नको, धमकी वाटते आणि मग माणूस अडून बसतो. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी परत एक. उचलीबद्दल एवढंच, की घेतलीस ती फेडायची आहे, त्यात पळवाट शोधू नको, पण ती पुढच्या कामातून वळती करायच्या बोलीवर घेतलेली असते आणि काम त्यांनी थांबवलंय. कोऱ्या कागदावर किंवा बाँडवर ‘एवढ्या तारखेला एवढे देईन’ अशी सही करू नको, नवऱ्यालाही करू देऊ नको.

नवऱ्यावरून आठवलं. तो गप्प आहे म्हणून तुला राग येतोय आणि तो वाजवीच आहे, पण त्याची नाइट पण त्याच मालकाच्या हातात आहे आणि घरात सध्या तेवढीच कमाई, त्यामुळे त्याची जीभ अडकली असणार. त्याच्याशी आधी घरात बस. भांडायला चल म्हणू नको, फक्त मी बोलेन तेव्हा शेजारी बस म्हण, आणि मालकांनी ‘तिला समजाव’ म्हणून त्याच्याकडे निरोप दिला तर ‘तिच्याशीच बोला’ एवढं एक वाक्य त्याने म्हणायचं. एवढं जमलं पाहिजे. ढोलकीवाल्याला बाप झाल्यावर कुणी आराम कर म्हणत नाही, हे त्याला हसत हसत ऐकव.

त्या पोरीवर मात्र राग काढू नको ज्या पोरीला सोलो मिळाली. तिला लग्नानंतर हेच होणारे, तिला अजून माहीत नाही एवढंच. उलट तिला घेऊन बसून सोलो नीट बसवून दे आणि शिकवण्याचे पैसे मालकांकडे माग. हे पण काम आहे. नव्या पोरी तयार करणं, ड्रेसचं बघणं, आयोजकांचे फोन, हे सगळं आता कोण करतं? कुणीतरी फुकट नाहीतर अर्धवट करतं.

सासूबाईंचं ‘सुटलीस’ थोडं वेगळं आहे. त्यात कदाचित मायापण असेल, रात्री-अपरात्री येणाऱ्या सुनेची काळजी, आणि लोक काय म्हणतात त्याचा इतक्या वर्षांचा त्रास. पण तुला स्वतःला सुटायचंय का हे तू पत्रात कुठंच लिहिलं नाहीस. खरंच विचार कर. लेकरू झाल्यावर वर्ष-दोन वर्ष घरी राहावं असं मनातून वाटत असेल तर तेही चांगलं आहे, मग लढाई फक्त हिशोब आणि उचलीपुरती ठेव, उगाच परत यायचा हट्ट कुणाला दाखवायला नको. परत यायचं असेल तर आत्तापासून ठरवावं लागेल लेकरू कोण सांभाळणार, दौऱ्यावर सोबत कोण येणार, अंगावर पाजायचं कसं. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर कायद्यानेच कामावर ठेवता येत नाही, पण सीझर झालं तर गिरक्यांच्या लावणीला त्याहून कितीतरी जास्त लागतं, त्यामुळे मे महिन्याच्या जत्रा डोक्यातून काढ. पुढच्या गणपतीला हळूहळू, नवरात्रात नीट, असं काहीतरी धर. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या मेकअप रूममध्ये तान्हं लेकरू ठेवायचं नसतंच.

मालकांनी काहीच ऐकलं नाही तर? तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं, तिथं कागद घेऊन जा आणि तुमच्या ग्रुपला काय लागू होतं ते विचारून लेखी तक्रार दे, पोच घे. त्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन ये, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० हा त्यांचा फोन आहे. तक्रारीची किंमतही सांगते, कारण बाकीचे सल्ला देणारे ती सांगत नाहीत: ह्या लाइनीत सगळे मालक एकमेकांना ओळखतात, नाव होईल, नवऱ्याची नाइट जाऊ शकते. मी तुझ्या जागी असते तर आधी बैठकीचं आणि निवेदनाचं काम मागितलं असतं, ते नाही तर परतीची बोली आणि उचलीची सवलत लेखी घेतली असती, आणि दोन्ही नाही तेव्हाच तक्रारीला गेले असते. पण तेव्हा मग मागे फिरायचं नाही.

पैशाचं तोवर: पहिलंच बाळ आहे, म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५ हजार मिळतात, दोन हप्त्यात. अंगणवाडीत किंवा आशाताईकडे नाव नोंदवलं नसेल तर उद्याच जा. अट बसते का ते त्याच सांगतील, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड असलं तर एक कागद तिथंच झाला, आणि ते कार्ड तर प्रत्येक कलाकाराकडे असायलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या फुकट आहेत, ‘सरकारी नको गं बाई’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ४० हजारांचा आकडा दाखव.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, नाटकवाल्या, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या, मालिकेत छोटी कामं करणाऱ्या. संभाजीनगरातून मुंबईला ऑडिशनला जाणाऱ्या पोरींचीपण मला हीच पत्रं येतात, फक्त तिथं मालकाच्या जागी कोऑर्डिनेटर असतो आणि ‘आराम कर’च्या ऐवजी ‘लुक बदललाय’. सीझनची बोली करतानाच विचारा, दिवस गेले तर काय करायचं. लग्न झालेली बाई हे विचारायला लाजते आणि न लग्न झालेली तर बोलूच शकत नाही, म्हणून जी सीनियर आहे तिने सगळ्यांच्या वतीने विचारावं. मालकांनो, तुम्हीपण: प्रत्येक सोलोला दुसरी पोरगी तयार ठेवा. पाय मुरगळला तरी ती लागतेच, मग बाळंतपणालाच एवढा धक्का का बसतो? आणि फोटोत एकच चेहरा छापू नका.

तू आज रात्री एवढंच कर: मागच्या वर्षीचं आणि ह्या वर्षीचं कालनिर्णय काढ, नवऱ्याला शेजारी बसव, आणि नाइट झालेल्या तारखांना पेनाने गोल करत ये. ढोलकीवाल्याला गावं आणि तारखा नाचणारीपेक्षा जास्त लक्षात असतात. आकडा किती आला आणि मेसेजला काय उत्तर आलं ते मला लिही, त्यावरून पुढचं बोलू. आणि माळेगावची नवी यादी पडली की तिचा स्क्रीनशॉट काढायला विसरू नको.